लवकर न भरणाऱ्या जखमा: प्रगत उपचार कोणते, आणि संशोधनाला जागा कुठे?

पेट किंवा नेट संपली की पुढचा प्रश्न टॉपिकचा. फार्मसी, बायोटेक, केमिस्ट्री, नॅनोसायन्स, कुठल्याही विभागात जा, जखमेवर काम करायचं ठरवलेले दोन-तीन जण भेटतातच. सिनॉप्सिसचं शीर्षकही जवळपास ठरलेलं असतं: अमुक वनस्पतीचा अर्क, त्यातून बनवलेले चांदीचे नॅनोकण, ते घातलेली जेल किंवा नॅनोफायबरची पट्टी, आणि शेवटी उंदरांवर जखम भरण्याचा वेग.

विषय वाईट मुळीच नाही. पण सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर मधुमेही पेशंटच्या पायाची जखम असते, पाय कापावा लागण्याची भीती असते. आणि प्रयोगाच्या पानावर असते एका धडधाकट उंदराच्या पाठीवरची ताजी जखम. या दोन पानांमध्ये जे अंतर आहे, त्यावर आजचा लेख आहे.

मुद्दा आधी सांगते, मग सविस्तर बोलू. ताजी जखम आणि महिनोन्महिने रखडलेली जखम हे दोन वेगळे आजार आहेत. पहिलीवर चाललेलं औषध दुसरीवर चालेलच असं नाही. 'प्रगत उपचार' हा शब्द ऐकला की आपण महागडं मशीन किंवा नवं मटेरियल डोळ्यांसमोर आणतो. खरा प्रश्न असतो, ही जखम नेमकी कुठे अडकलीय आणि हा उपचार ती अडचण काढतो का.

आणि हा प्रश्न काही पुस्तकी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या इंडियॅब पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी पेशंट आहेत. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के सांगितली जाते. सीपीआर असो की गावातला खाजगी दवाखाना, 'दोन महिने झाले, रोज ड्रेसिंग करतोय, पण भरतच नाही' हे वाक्य डॉक्टरांना नवीन नाही.

जखम भरते कशी आणि अडते कुठे

विळीवर बोट कापलं तर काय होतं ते आठवा. काही मिनिटांत रक्त गोठतं. मग दाहाचा टप्पा येतो: पांढऱ्या पेशी जमतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. काही दिवसांत ही साफसफाई आटोपते आणि बांधकाम सुरू होतं. फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, कडेच्या त्वचापेशी सरकत सरकत जखम झाकून टाकतात. शेवटची डागडुजी महिनोन्महिने चालते, आणि तरीही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते.

रखडलेली जखम बहुतेक वेळा दाहाच्या टप्प्यातच अडकून पडते. त्याची कारणं ढोबळपणे पाच:

१. विकरांचा अतिरेक. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, थोडक्यात एमएमपी, ही विकरं खराब झालेलं कोलॅजन कापून काढतात. रखडलेल्या जखमेत ती इतकी वाढतात की नवीन विणलेलंही कापलं जातं, आणि वाढीचा निरोप देणारी प्रथिनंही त्यात नष्ट होतात. गवंडी दिवसा भिंत बांधतोय आणि रात्री कुणीतरी ती पाडतंय, असा प्रकार.

२. बायोफिल्म. जंतू सुटे न राहता स्वतः बनवलेल्या चिकट थरात वसाहत करतात. २००८ च्या एका अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ५० जुनाट जखमांपैकी ३० मध्ये बायोफिल्म दिसली, तर १६ ताज्या जखमांपैकी फक्त एकीत.

३. थकलेल्या पेशी. जखमेतल्या फायब्रोब्लास्ट म्हाताऱ्या झालेल्या असतात. वाढीचा निरोप मिळाला तरी त्या विभाजित होत नाहीत.

४. रक्ताचा आणि ऑक्सिजनचा तुटवडा. रोहिणी अरुंद झाली असेल तर बांधकामाला माल कुठून येणार?

५. सततचा दाब. पाय बधिर झालेला असतो, दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो.

ही यादी लक्षात ठेवा. पुढचा प्रत्येक उपचार यातल्या कुठल्या तरी एका कारणावर काम करतो.

सोलापूरचा मध: एक शिकण्यासारखी गोष्ट

ताज्या आणि जुनाट जखमेतला फरक समजून घ्यायला परदेशी जायची गरज नाही. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या शल्यविभागातून डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त एक पेपर प्रसिद्ध केला. वरवर भाजलेले १०४ पेशंट. त्यांतल्या ५२ जणांना मध लावलेलं गॉज, ५२ जणांना त्या काळचं नेहमीचं मलम, सिल्व्हर सल्फाडायझीन. मधाच्या गटात १५ दिवसांत ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटात १० टक्के. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मधाची तुलना पॉलियुरेथेन फिल्मशी केली, गर्भावरणाच्या पडद्याशी केली, उकडलेल्या बटाट्याच्या सालीशीसुद्धा केली. बटाट्याच्या सालीच्या ड्रेसिंगवर मुंबईत काम झालं होतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासून २००३ मध्ये 'बर्न्स' नियतकालिकात ते निष्कर्ष छापले. स्वस्त, हाताशी असलेलं, आणि काढताना न दुखणारं ड्रेसिंग शोधण्याची ही महाराष्ट्रातली चांगली परंपरा आहे.

मध का चालतो यालाही कारणं आहेत. त्यात साखर इतकी दाट असते की जंतूंमधलं पाणी खेचलं जातं. तो आम्लधर्मी असतो. आणि त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं.

आता पुढची पायरी बघा. न्यूझीलंडमध्ये २००८ साली पायाच्या शिरांच्या आजारातून झालेल्या जखमांवर, म्हणजे खऱ्या अर्थाने जुनाट जखमांवर, मधाची मोठी चाचणी झाली. ३६८ पेशंट. १२ आठवड्यांनी मधाच्या गटात ५५.६ टक्के जखमा भरल्या आणि नेहमीच्या ड्रेसिंगच्या गटात ४९.७ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक अर्थपूर्ण नव्हता. उलट मधाच्या गटात दुखण्यासारख्या तक्रारी जास्त आल्या. २०१५ चा कॉक्रेन आढावाही हेच सांगतो: मधल्या खोलीच्या भाजलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, पण शिरांच्या जखमांवर फायदा दिसत नाही. मधुमेही पायासाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर मध वापरू नका असंच म्हटलंय.

मग सोलापूरचं काम चुकलं का? नाही. भाजलेली जखम ताजी असते, शरीराची यंत्रणा शाबूत असते, फक्त जंतू आवरायचे आणि ओलावा टिकवायचा. शिरांच्या जखमेत मूळ दुखणं शिरांमधल्या दाबाचं. वर कितीही चांगलं काही लावा, आतला दाब तसाच राहतो. तिथे खरं काम करते ती घट्ट बांधलेली दाबपट्टी, आणि त्या चाचणीत दोन्ही गटांना दाबपट्टी होतीच.

यात अजून एक गोष्ट मला फार आवडते. १९९९ मध्ये याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मध्यम प्रमाणात भाजलेल्या पेशंटमध्ये मधाची तुलना लवकर शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करण्याशी केली, आणि शस्त्रक्रियाच सरस आहे असं पेपरच्या शीर्षकातच लिहिलं. आयुष्याची कितीतरी वर्षं ज्या उपचाराला दिली, त्याची मर्यादा स्वतःच मोजून छापायची. संशोधक म्हणून शिकण्यासारखं यापेक्षा आणखी काय असतं?

चांदीचंही जवळपास असंच झालं. ब्रिटनमध्ये २००९ ला प्रसिद्ध झालेल्या व्हल्कन चाचणीत शिरांच्या जखमा असलेले २१३ पेशंट होते. चांदीयुक्त ड्रेसिंगच्या गटात १२ आठवड्यांत ५९.६ टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगच्या गटात ५६.७ टक्के. म्हणजे पेट्री डिशमध्ये जंतूंभोवती सुंदर मोकळं वर्तुळ दिसतं, पण पायावर जखम भरत नाही. चांदी जंतू मारते, पण जखम फक्त जंतूंमुळे अडकलेली नव्हती. शिवाय जास्त मात्रेत ती आपल्या त्वचापेशींनाही मारते.

'प्रगत'च्या आधीची पायरी

कुठल्याही चांगल्या दवाखान्यात नवीन उपचाराआधी चार गोष्टी बघतात. पायाला रक्त पोचतंय का. नसेल तर आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास. संसर्ग हाडापर्यंत गेलाय का. मेलेलं मांस काढून टाकलंय का, ज्याला डिब्राइडमेंट म्हणतात. आणि जखमेवरचा दाब काढलाय का. साखर आटोक्यात ठेवणं तर आलंच.

यातल्या दाबाच्या मुद्द्याचा इतिहास भारतातला आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करू लागले. कुष्ठरोग्याचं मांसच 'खराब' असतं, म्हणून जखमा भरत नाहीत, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की पाय प्लास्टरमध्ये ठेवून दाब काढला तर त्या जखमा इतरांसारख्याच भरतात. दोष मांसात नव्हता. दुखणंच कळत नसल्यामुळे माणूस जखमेवर चालत होता. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेतल्या कारव्हिलला गेले आणि तिथून हे प्लास्टर मधुमेही पायांपर्यंत पोचलं. आज त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात.

त्याचा परिणाम किती? २००१ च्या एका यादृच्छिक चाचणीत तळव्याच्या बधिर जखमा असलेल्यांमध्ये १२ आठवड्यांत प्लास्टरच्या गटात ८९.५ टक्के जखमा भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटाच्या गटात ६५ टक्के. हा फरक का? २००३ मध्ये त्याच संशोधकांनी बुटाला आणि माणसाला वेगवेगळे पावलं मोजणारे यंत्र लावून पाहिलं. दिवसभरातल्या हालचालीपैकी फक्त २८ टक्के हालचाल बूट घालून झाली होती. घरात आल्यावर बूट कोपऱ्यात!

आता हे आपल्याकडे आणून बघा. आपण घरात चप्पल घालत नाही. अंबाबाईच्या देवळात, जोतिबाच्या पायऱ्यांवर अनवाणी जातो, भर उन्हात तापलेल्या फरशीवरसुद्धा. उसाच्या फडात चिखलात बूट कसा टिकणार? सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातली मऊ रबराची एमसीआर चप्पल आपल्याकडे आहे, पण ती घातली की लोक ओळखतात म्हणून ती नकोशी होते. आणि हे सगळं अशा गावात, ज्याच्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं! बधिर पायावरचा दाब कमी करणारी, चारचौघांत लाज न वाटणारी, घरातही घालता येईल अशी स्वस्त चप्पल, हा मला तरी नॅनोकणांइतकाच 'प्रगत' संशोधनाचा विषय वाटतो. तो एकट्या फार्मसीचा नाही, त्यात मेकॅनिकल लागेल, समाजशास्त्र लागेल, आणि कारागीर तर लागणारच.

प्रगत उपचार: कोण कुठल्या अडचणीवर काम करतं

आता मुख्य यादी. प्रत्येक ठिकाणी मी दोन आकडे देते: उपचाराच्या गटात किती जखमा भरल्या आणि तुलनेच्या गटात किती. दुसरा आकडा जास्त लक्ष देऊन वाचा, कारण त्याच्यावर पुढे बोलायचंय.

व्हॅक्यूम ड्रेसिंग. जखमेत फोम भरायचा, वरून हवाबंद फिल्म लावायची आणि पंपाने साधारण १२५ मिमी पाऱ्याइतका ऋण दाब द्यायचा. स्राव ओढला जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात, नवं लालसर मांस लवकर येतं. १९९७ मध्ये अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी हे तंत्र मांडलं. पायाचा काही भाग कापलेल्या १६२ मधुमेही पेशंटच्या २००५ च्या चाचणीत ५६ टक्के विरुद्ध ३९ टक्के असा निकाल आला. पण २०२० मध्ये जर्मनीतल्या डायाफू चाचणीत, रोजच्या दवाखान्यातल्या परिस्थितीत, मधुमेही पायाच्या जखमांवर हा फायदा दिसला नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या खोल, मोठ्या जखमेसाठी हे तंत्र चांगलं. सरसकट प्रत्येक जखमेसाठी नव्हे.

वाढीचे घटक. बेकाप्लर्मिन या जेलमध्ये प्लेटलेटपासून मिळणाऱ्या वाढघटकाची जनुकीय तंत्राने बनवलेली प्रत असते. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. १९९८ च्या चाचणीत २० आठवड्यांत ५० विरुद्ध ३५ टक्के. जास्त नळ्या वापरणाऱ्यांमध्ये कर्करोगाने मृत्यूची शंका आली म्हणून २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा आला, आणि पुढच्या माहितीनंतर २०१८ मध्ये तो काढला गेला. आपल्याकडे भारत बायोटेकची ईजीएफ जेल बाजारात आहे. अडचण कुठे आहे ते तुम्हीच ओळखाल: जखमेत एमएमपी भरपूर असतील तर वरून लावलेलं प्रथिनही कापलं जाणार, आणि पेशी म्हाताऱ्या असतील तर निरोप ऐकणार कोण?

जिवंत त्वचा. नवजात मुलांच्या सुंतेतून मिळालेल्या त्वचेच्या पेशी वाढवून दोन थरांची त्वचा तयार करतात. अॅप्लिग्राफ हे त्यातलं पहिलं मोठं नाव. १९९८ मध्ये शिरांच्या जखमांसाठी आणि २००० मध्ये मधुमेही पायासाठी मान्यता. २००१ च्या पेपरमध्ये २०८ पेशंट, १२ आठवड्यांत ५६ विरुद्ध ३८ टक्के. या पेशी कायम राहत नाहीत. त्या काही आठवडे जखमेला योग्य रसायनं पुरवतात आणि निघून जातात. म्हणजे पेशीच इथे औषधाचं काम करतात.

ऑक्सिजन. पूर्ण शरीर दाबकक्षात ठेवून दिलेल्या हायपरबॅरिक ऑक्सिजनचा स्वीडनमध्ये २०१० ला चांगला निकाल आला: एका वर्षात ५२ विरुद्ध २९ टक्के. २०१६ ला कॅनडात मात्र पाय कापण्याची गरज कमी झाली नाही. दुसरा प्रकार फक्त पायाभोवती दाबाने ऑक्सिजन देण्याचा, तोही घरी. २०२० च्या ७३ पेशंटच्या चाचणीत १२ आठवड्यांत ४१.७ विरुद्ध १३.५ टक्के.

एमएमपीला लगाम. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेली पट्टी. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आलेली एक्सप्लोरर चाचणी: २४० पेशंट, २० आठवड्यांत ४८ विरुद्ध ३० टक्के. ही चाचणी दुहेरी अंध होती, म्हणजे पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही कुठली पट्टी औषधाची हे माहीत नव्हतं. ड्रेसिंगच्या संशोधनात हे फार कमी वेळा जमतं. गणित करून बघा: १८ टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण सहा जणांना ही पट्टी लावली तर एकाची जखम जास्तीची भरते.

स्वतःच्या रक्ताची चकती. पेशंटचं थोडं रक्त घेऊन फिरवायचं, त्यातून पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन यांची चकती तयार होते, ती आठवड्याला एकदा जखमेवर ठेवायची. ल्युकोपॅच नावाच्या या उपचाराची ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये चाचणी झाली. २०१८ चा निकाल: २० आठवड्यांत ३४ विरुद्ध २२ टक्के.

आणि अळ्या. हो, निर्जंतुक अळ्या मेलेलं मांस खाऊन जखम साफ करतात. २००९ च्या ब्रिटिश चाचणीत अळ्यांनी साफसफाई लवकर झाली, पण जखम लवकर भरली नाही. साफ होणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवण्यासाठी एवढं उदाहरण पुरे.

दुसऱ्या आकड्याची गंमत

आता तुलनेच्या गटांचे आकडे एका ओळीत मांडा: ३९, ३५, ३८, २९, १३.५, ३०, २२. नवीन उपचार न मिळालेल्या पेशंटमध्ये इतका फरक का? कारण पेशंट वेगळे, काळ वेगळा, निवड वेगळी. काही चाचण्यांनी आधी काही आठवडे फक्त उत्तम नेहमीचा उपचार दिला आणि त्यातही जी जखम हलली नाही तिलाच चाचणीत घेतलं. तिथे तुलनेच्या गटात कमी जखमा भरणार हे उघड आहे.

म्हणून 'अॅप्लिग्राफने ५६ टक्के आणि ल्युकोपॅचने ३४ टक्के, म्हणजे अॅप्लिग्राफ भारी' असं रिव्ह्यूमध्ये लिहू नका. दोन पेपरमधले पहिले आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. व्हायव्हात पहिला दणका इथेच बसतो.

ही आधी थांबून बघण्याची पद्धत दवाखान्यातही उपयोगी आहे. २००३ च्या एका अभ्यासात दिसलं की चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ साधारण निम्म्याहून जास्त घटलं तर १२ आठवड्यांत ५८ टक्के जखमा भरल्या, आणि तितकं घटलं नाही तर फक्त ९ टक्के. म्हणजे चार आठवडे चांगला उपचार करूनही जखम निम्मी झाली नाही, तर तीच पट्टी चालू ठेवण्यात अर्थ नाही. मोजपट्टी आणि फोटो, इतक्या साध्या गोष्टीवर हा निर्णय होतो.

उंदीर आणि माणूस

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, पॅनिक्युलस कार्नोसस. जखम केली की तो आकसतो आणि कडा ओढून आणतो. उंदराची जखम मुख्यतः आकसून बंद होते. माणसाची नवं मांस भरून आणि त्वचा सरकून. म्हणजे 'चौदाव्या दिवशी ९५ टक्के बंद' या वाक्यात तुमच्या जेलचं श्रेय किती आणि त्या स्नायूचं किती, हे कळायला मार्ग नाही. यावर २००४ मध्ये गॅलियानो आणि सहकाऱ्यांनी सोपा उपाय दिला: जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाके घालून बसवायची, म्हणजे आकसणं थांबतं. खर्च फार नाही, पण आपल्याकडच्या अनेक सिनॉप्सिसमध्ये ही कडी नसते.

स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेला उंदीरही फसवा असतो. त्याची साखर काही आठवडे वाढलेली असते. तो तरुण असतो, त्याच्या रोहिण्या उघड्या असतात, जखमेत बायोफिल्म नसते. काही न लावताही त्याची जखम थोड्या उशिराने भरतेच. साठीतला, पंधरा वर्षं मधुमेह असलेला, किडनी कमजोर झालेला पेशंट आणि हा उंदीर यांत साम्य फक्त ग्लुकोमीटरवरच्या आकड्याचं.

२००१ मध्ये सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचा ताळा केला. माणसातल्या निकालांशी डुकरांवरचे निकाल ७८ टक्के वेळा जुळले, छोट्या प्राण्यांवरचे ५३ टक्के वेळा आणि पेशींवरचे ५७ टक्के वेळा. छोटे प्राणी नाणेफेकीच्या जरासेच पुढे!

याचा अर्थ उंदरांवर काम करू नका असा नाही. एकट्या पीएच.डी.त डुकरं किंवा माणसं शक्य नसतात हे मलाही माहीत आहे. फक्त उंदराला नेमका प्रश्न विचारा. 'माझी जेल जखम भरते का' असा नको. 'माझी जेल बायोफिल्म असलेल्या, कडी बसवलेल्या जखमेत एमएमपी कमी करते का' असा विचारा. या प्रश्नाचं उत्तर उंदीर देऊ शकतो.

सिनॉप्सिस देण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. जखम कुठली? मधुमेही पाय, शिरांची जखम, बेडसोअर की भाजलेली? 'सर्व प्रकारच्या जखमा' हे उत्तर चालत नाही.

२. वरच्या पाच अडसरांपैकी माझा उपचार कुठला काढतो, आणि ते मी थेट मोजतोय का?

३. तुलनेत काय ठेवलंय? कोरडं गॉज ठेवलं तर काहीही जिंकेल. ओलसर जखम लवकर झाकली जाते हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर १९६२ मध्येच दाखवलं. तुमची जेल ओली असते, गॉज कोरडं. मग जिंकलं कोण, औषध की ओलावा? औषध नसलेली तीच जेल हा किमान एक गट हवाच.

४. एका उंदराच्या पाठीवर चार जखमा केल्या तर नमुने चार होत नाहीत. उंदीर एकच. संख्याशास्त्र करताना हे विसरलं की पी व्हॅल्यू फुकट सुंदर दिसते.

५. फोटोवरून क्षेत्रफळ मोजणाऱ्याला गट माहीत आहे का? नसावा. ही अंधता ठेवायला पैसे लागत नाहीत, मित्राला फाईलची नावं बदलायला सांगा.

६. 'भरली' म्हणजे काय? अमेरिकी नियामकाच्या २००६ च्या सूचनेनुसार: पूर्ण त्वचा आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून खात्री केलेली.

७. परवानग्या. प्राण्यांसाठी संस्थेची प्राणी नैतिकता समिती, माणसांसाठी नैतिकता समिती, आणि माणसांवरची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी.

८. हे ड्रेसिंग कोण बदलणार, किती दिवसांनी, किती रुपयांत? गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून दर दोन दिवसांनी कोल्हापूरला येणं पेशंटला जमेल का? आठवडाभर टिकणारी साधी पट्टी, रोज बदलायच्या भारी पट्टीपेक्षा जास्त जखमा भरू शकते.

एक सूचना घरच्यांसाठीही. तुमच्या घरात मधुमेह असलेल्या कुणाच्या पायाला जखम असेल तर हा लेख वाचून स्वयंपाकघरातला मध लावू नका. त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. दवाखान्यातला मध निर्जंतुक केलेला असतो. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नका, बधिर पायाचं दुखणं कळतच नसतं. डॉक्टरांना दाखवा, आणि पायाचा रक्तपुरवठा तपासा असं आवर्जून सांगा.

जखमेवर काम करणाऱ्यांनी एकदा तरी एखाद्या सर्जनच्या परवानगीने त्यांच्या ओपीडीत दोन तास उभं राहून बघावं. ड्रेसिंग सोडताना येणारा वास, घट्ट्याखाली लपलेलं भोक, 'उद्या शेतावर जाऊ का' विचारणारा पेशंट. त्यानंतर आपल्या सिनॉप्सिसचं पहिलं पान परत वाचा. उद्दिष्टांमधल्या दोन ओळी तुम्ही स्वतःच खोडाल, आणि ज्या उरतील त्या करण्यासारख्या असतील.